ईसीजी नॉर्मल आला, तरी बरगडी दुखतेच : सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा

ए-२०३ ताई: नमस्कार मंडळी. आमच्या मोठ्याला (वय २७) काल रात्री छातीत जोराची कळ आली. श्वास आत घेतला की बरगडीत चमक मारते. घाबरून कॅज्युअल्टीत नेलं. ईसीजी, ट्रोपोनिन (हृदयाला इजा झाली का ते दाखवणारी रक्ततपासणी), छातीचा एक्स-रे सगळं नॉर्मल. गॅसेस असतील म्हणाले आणि गोळ्या देऊन घरी पाठवलं. आज शिंक आली तर पोराच्या डोळ्यांत पाणी आलं. आता कोणाला दाखवायचं?

डी-१०१ काका: उसण भरली असेल. हळद-तुरटीचा लेप लावा, शेक द्या. दोन दिवसांत मोकळं होईल.

बी-६०४: माझ्या मेहुण्याची बरगडी सरकली होती. गावाकडच्या हाडवैद्याने एका झटक्यात बसवली. नंबर पाठवू का?

सी-५०१: ताई, झटका देऊन काहीही बसवून घेऊ नका, कृपा करून. आधी मला एवढं सांगा, पहाटे दुखण्याने त्याला जाग येते का? आणि सकाळी उठल्यावर कंबर धरलेली असते का?

ए-२०३ ताई: असते की! पण ती तक्रार जुनी आहे, कॉलेजपासूनची. उठल्यावर तासभर वाकता येत नाही, मग हळूहळू सैल होतं. जिमला जाऊन आला की बरं वाटतं म्हणतो. उलट रविवारी लोळत पडला की जास्त दुखतं. लॅपटॉपमुळे असेल असं धरून चाललो होतो. पण कंबरेचा आणि छातीचा काय संबंध?

सी-५०१: संबंध आहे, म्हणूनच विचारलं. मला अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिस आहे, बरीच वर्षं. मुलाला तोच आजार आहे असं मी म्हणत नाही, ते डॉक्टर ठरवतील. पण तुम्ही सांगितलंत ते वर्णन ऐकून गप्प बसवेना.

प्रत्येक बरगडी मागच्या बाजूला मणक्याशी छोट्या सांध्यांनी जोडलेली असते आणि बहुतेक बरगड्या पुढे कूर्चेने छातीच्या मधल्या हाडाशी. आपण श्वास घेतो तेव्हा हे सगळे सांधे हलतात. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उलटते आणि अस्थिबंध जिथे हाडाला चिकटतात नेमकी तिथे सूज येते. सुरुवात बहुतेकदा कंबरेखालच्या, माकडहाडाजवळच्या सांध्यांत होते. तीच सूज बरगड्यांच्या सांध्यांत आली की खोकला, शिंक, जांभई, कुशीवर वळणं, सगळंच नकोसं होतं. मूळ दुखणं मागे मणक्यापाशी असतं आणि कळ पुढे छातीत जाणवते, त्यामुळे माणूस हृदयाच्या तपासण्या करत राहतो. पाय मुरगळला तर पायाला विश्रांती देता येते. श्वासाला कशी देणार?

विश्रांतीने वाढतं आणि हालचालीने कमी होतं, ही खूण डॉक्टरांना आवर्जून सांगा. साध्या कंबरदुखीत बहुधा याच्या उलट असतं. सुरुवात चाळिशीच्या आत आणि सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाहून जास्त, हेही सांगा. आणि दाखवायचं ऱ्हुमॅटॉलॉजिस्टला, म्हणजे संधिवाताच्या डॉक्टरांना. आपल्याकडे लोक हाडांच्या डॉक्टरांकडून फिजिओकडे, तिथून परत मेडिकलवाल्याकडे फिरत राहतात. त्यात वर्षं जातात आणि तेवढ्यात मणके एकमेकांना जुळून एकसंध होऊ शकतात. याचं मला फार वाईट वाटतं.

ई-४०२: लॅबमध्ये जाऊन थेट एचएलए-बी२७, या आजाराशी जोडलेल्या जनुकाची रक्ततपासणी, करून घेतली तर?

एफ-३०२ डॉक्टर मॅडम: नुसती ती टेस्ट करून फार काही हाती लागत नाही. पॉझिटिव्ह असलेल्या बहुसंख्य लोकांना हा आजार कधीच होत नाही आणि निगेटिव्ह असूनही होऊ शकतो. सीआरपी, म्हणजे शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी, तीसुद्धा नॉर्मल येऊ शकते. सुरुवातीची काही वर्षं एक्स-रेत काही दिसत नाही, तेव्हा कंबरेखालच्या त्या सांध्यांच्या एमआरआयमध्ये सूज सापडू शकते. लक्षणं, तपासणी आणि रिपोर्ट एकत्र पाहूनच निदान होतं.

आणि प्रत्येक बरगडीदुखी म्हणजे हाच आजार नव्हे. सगळ्यात जास्त दिसतो तो कॉस्टोकॉन्ड्रायटिस, म्हणजे बरगडीच्या कूर्चेची सूज. खूप खोकला झाला, जड उचललं, एकदम व्यायाम वाढवला, की होतो. बोटाने दाबलं की नेमकी जागा दुखते. काही आठवड्यांत, कधी काही महिन्यांत, आपोआप बरा होतो. त्याच जागी गाठीसारखी सूज डोळ्यांना दिसली तर तो टिट्झे सिंड्रोम. १९२१ मध्ये टिट्झे नावाच्या जर्मन सर्जनने त्याचं वर्णन केलं होतं. शिवाय सोरायसिस असलेल्यांचा संधिवातही छातीच्या सांध्यांत येतो. बरगडीच्या पट्ट्यात आग होऊन फोड आले तर ती नागीण.

डी-१०१ काका: मॅडम, जिना चढताना माझीही छाती आवळल्यासारखी होते. थांबलो की बरं वाटतं. तेही बरगडीचंच ना?

एफ-३०२ डॉक्टर मॅडम: काका, नाही. श्रमाने येणारं आणि थांबल्यावर जाणारं आवळणं हे हृदयाचं असू शकतं. लेप-शेक बाजूला ठेवा आणि आजच कार्डिओलॉजिस्टकडे जा. जिना नको, लिफ्टने उतरा. वहिनींना फोन करतेय.

सगळ्यांसाठी: घाम, धाप, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, चक्कर, यातलं काहीही छातीदुखीबरोबर आलं तर ग्रुपवर विचारत बसू नका, १०८ लावा. एकाएकी दम लागला, थुंकीतून रक्त आलं, एकच पाय सुजला, तरीही तेच. दाबल्यावर दुखतं म्हणजे हृदय ठीक आहे असं घरी बसून ठरवू नका.

ए-२०३ ताई: काका, आधी जाऊन या.
सी-५०१ दादा, हाच आजार निघाला तर आयुष्यभर पेनकिलर खायच्या का?

सी-५०१: ताई, घाबरू नका. नेप्रोक्सेन, इंडोमेथॅसिन, इटोरिकॉक्सिब ही औषधं इथे नुसतं दुखणं दाबत नाहीत, सूज उतरवतात. डॉक्टर ठरावीक डोस काही आठवडे देऊन बघतात. बऱ्याच जणांना तेवढ्यावर आराम पडतो. पण जठर, किडनी आणि बीपीवर लक्ष ठेवावं लागतं, म्हणून चिठ्ठीशिवाय मेडिकलमधून आणू नका. स्टेरॉइडच्या गोळ्या मणक्याच्या या दुखण्यावर दीर्घकाळ घेत नाहीत.

गोळ्यांनी भागलं नाही तर बायोलॉजिक इंजेक्शनं आहेत, म्हणजे उलटलेल्या प्रतिकारशक्तीला नेमकं आवरणारी, अडालिमुमॅब, सेक्युकिनुमॅब वगैरे. खर्चिक आहेत हे खरं. पण २०१४ मध्ये अडालिमुमॅब भारतीय बनावटीचं आलं आणि पूर्वीपेक्षा आवाक्यात आलं. ती सुरू करण्याआधी टीबीची तपासणी करतात. आपल्या देशात कितीतरी जणांच्या शरीरात टीबी सुप्त असतो आणि या औषधांनी तो डोकं वर काढू शकतो. ती तपासणी टाळू देऊ नका.

बी-३०५ (फिजिओ): व्यायाम हा उपचाराचाच भाग आहे. आम्ही टेपने छाती मोजतो, पूर्ण श्वास सोडल्यावर आणि पूर्ण घेतल्यावर. तरुण माणसाची साधारण ५ सेमी किंवा जास्त फुगते. २.५ सेमीच्या खाली गेली तर सांधे आखडल्याचं समजतो. म्हणून रोज खोल श्वास, खांदे मागे घेऊन छाती उघडणं, जमेल तर पोहणं. उशी पातळ. दिवसातून थोडा वेळ पालथं झोपायचं. कळ जोरात असताना जबरदस्ती नको, शेक घेऊन हळूहळू. सिगारेट असेल तर बंद, आजार वाढवतेच आणि आखडलेल्या छातीला फुप्फुसाचा त्रास परवडत नाही.
हाडवैद्याबद्दल दादांनी सांगितलं ते अगदी बरोबर. मणके जुळायला लागलेले असतील तर झटक्याने फ्रॅक्चर होऊ शकतं.

बी-६०४: हे माहीत नव्हतं. नंबर पाठवत नाही.

एफ-३०२ डॉक्टर मॅडम: ताई, एक राहिलं. त्याचा डोळा कधी लाल होऊन दुखला होता का? उजेड सहन होत नाही, असं?

ए-२०३ ताई: हो, मागच्या दिवाळीत! डावा डोळा. डोळे आलेत म्हणून सगळ्यांपासून लांब ठेवलं होतं. मग डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब दिले आणि उतरलं. त्याचाही संबंध आहे?

एफ-३०२ डॉक्टर मॅडम: असू शकतो. डोळ्याच्या आतली सूज, युव्हायटिस, या आजाराबरोबर येते. ती चिठ्ठी शोधून ऱ्हुमॅटॉलॉजिस्टकडे बरोबर न्या. आणि पुन्हा तसा डोळा झाला तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे. उशीर झाला तर नजर जाऊ शकते.

ए-२०३ ताई: चिठ्ठी सापडली, फाइलमध्येच होती. शुक्रवारची अपॉइंटमेंट मिळाली आहे.