पिक्चर थेटरात लावायचा की नाही हे ठरवणार कोण, बनवणारा की विकत घेणारा?

मल्हारगंजकर
मंडळी, बरेच दिवस हा विषय डोक्यात आहे. चैतन्य ताम्हाणेचा 'द डिसायपल' २०२० ला व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात मुख्य स्पर्धेत होता, पटकथेचा पुरस्कार घेऊन आला, आणि आपल्याला बघायला मिळाला कुठे तर ३० एप्रिल २०२१ ला नेटफ्लिक्सवर. शास्त्रीय गाण्यावरचा पिक्चर, त्यातला तानपुरा नीट ऐकू आला नाही तर अर्धा पिक्चर गेलाच, आणि उस्ताद अमीर खाँसाहेबांच्या इंदूरात राहून मी तो टीव्हीच्या स्पीकरवर बघितला. मला याचा अजून राग आहे.

माझं म्हणणं एवढंच की नेटफ्लिक्ससारख्या प्लॅटफॉर्मने पिक्चर जरूर घ्यावा, पण आधी काही आठवडे थेटरात लागेल हे करारात लिहिलेलं पाहिजे. आणि घेऊन दाखवलाच नाही तर हक्क परत करावेत. दिबाकर बॅनर्जीचा 'तीस' नेटफ्लिक्सनेच करायला दिला होता, पूर्ण झाला आणि मग दाखवायचा नाही म्हणून ठेवून दिला. तीन-चार वर्षं खपून केलेलं काम कोणाच्या तरी कपाटात पडून राहतं, हे कसं चालतं?

सुदामानगर
दादा, एप्रिल २०२१ आठवतो ना? दुसरी लाट होती, लोक ऑक्सिजन शोधत फिरत होते, थेटरं बंद. तेव्हा तो घरी बघायला मिळाला हेच खूप झालं.

आणि इंदूरच्या थेटरांचं मला सांगू नका. मराठी पिक्चर आलाच तर एक शो, तोही सकाळी, कामावर जाणाऱ्या माणसाने जायचं कधी, सोमवारपर्यंत उतरलेला असतो आणि मग म्हणतात बघा मराठीला पब्लिकच नाही. महाराष्ट्र सरकारने २०१५ ला मल्टिप्लेक्सना मराठीसाठी प्राइम टाइमचा शो सक्तीचा केला, पण तो नियम तिकडचा, आपण मध्य प्रदेशात, आपल्याला काय त्याचं! माझ्या आईला गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही, तिने गेल्या काही वर्षांत जेवढे मराठी पिक्चर बघितले ते सगळे घरी बसून. तुम्ही थेटर-थेटर करता तेव्हा अशा माणसांना मोजतच नाही.

पलासिया पूर्व
मी मुंबईला काही वर्षं एडिटिंगचं काम केलंय म्हणून लिहिते. तुम्ही दोघं पडद्यावरून भांडताय, पण खरी गोम पैशाच्या हिशोबात आहे.

प्लॅटफॉर्म स्वतः पिक्चर करवून घेतो तेव्हा साधारण असं असतं की बजेट त्यांचं, वर निर्मात्याला ठरलेला नफा, आणि बदल्यात सगळे हक्क त्यांचे, जगभरचे. पुढे तो पिक्चर कोट्यवधी लोकांनी बघितला तरी बनवणाऱ्याला वर एक रुपया नाही. आणि किती जणांनी बघितला हे तरी नीट कुठे कळतं? थेटरात निदान सोमवारी कलेक्शनचा आकडा समोर येतो, तो घेऊन माणूस पुढच्या पिक्चरसाठी चार दारं ठोठावू शकतो. आकडा झाकला की पुढची बोलणी कशाच्या जोरावर करायची? हॉलिवूडच्या लेखकांनी २०२३ मध्ये १४८ दिवस संप केला, त्यात आकडे दाखवा हीसुद्धा मागणी होती आणि काही आकडे त्यांनी मिळवलेही.

आपल्याकडे २०१२ ला कॉपीराइट कायदा बदलला, त्यामुळे पटकथा, गाणी लिहिणारे आणि संगीतकार यांचा थेटरबाहेरच्या वापरावरचा रॉयल्टीचा हक्क निर्मात्याला स्वतःच्या नावावर लिहून घेता येत नाही. हातात पडते किती तो भाग निराळा, पण कागदावर हक्क आहे. दिग्दर्शक? तो त्यात नाहीच. कायद्याने पिक्चरचा मालक निर्माता, आणि निर्मात्याने विकला की प्लॅटफॉर्म. त्यामुळे दिग्दर्शकाने ठरवावं हे म्हणायला छान आहे, पण ठरवायला त्याच्याकडे काही असायला तर पाहिजे.

सुदामानगर
ताई, हिशोब पटला, पण दुसरी बाजूही लिहा की. थेटरात लावायचं तर डिजिटल प्रोजेक्शनची फी निर्माता भरतो, पोस्टर-जाहिरात त्याची, आणि तिकिटाच्या पैशातून थेटरचा वाटा आधी कापला जातो. लहान पिक्चर पडला तर निर्मात्याचं घर गहाण. प्लॅटफॉर्मने निदान बजेट तरी दिलं, लाइटमनपासून मेकअपवाल्यापर्यंत सगळ्यांची मजुरी निघाली. त्याला शोषण म्हणणं मला जड जातं.

जुनी टॉकीज
मी इंदूरच्या रीगल टॉकीजला रांगेत उभं राहून पिक्चर बघितलेला माणूस, आता चौकाला नाव उरलंय. थेटर मला फार प्रिय आहे, तरी मल्टिप्लेक्सवाल्यांना देव करू नका. गेल्या वर्षी, मे २०२५ मध्ये 'भूल चूक माफ' थेटराऐवजी थेट प्राइमवर जाणार असं जाहीर झालं, तर पीव्हीआर आयनॉक्स लगेच मुंबई हायकोर्टात गेलं, की घरी दाखवण्याआधीचे ठरलेले आठ आठवडे थेटरचे आहेत. शेवटी २३ मे ला थेटरात लागला आणि दोन आठवड्यांत प्राइमवर आला. म्हणजे आठ आठवड्यांचे दोन झाले. धंदा असला की नियम वाकतो. आता मला सांगा, एखादा मराठी पिक्चर थेटरात आला नाही म्हणून कोणता मल्टिप्लेक्सवाला कोर्टात जाईल?

मल्हारगंजकर
काका, पण पब्लिक आहे हो! आपल्या इंदूरच्या सानंद संस्थेच्या नाटकांना बघा, एका नाटकाचे पाठोपाठ प्रयोग लागतात आणि लोक येतात. तीच माणसं पिक्चरला येणार नाहीत असं का धरायचं?

सुदामानगर
सानंद सभासदत्वावर चालतं. वर्षाचे पैसे आधी भरले, जागा ठरलेली, म्हणून लोक येतात. ओटीटीचीही तीच रीत आहे, तुम्ही माझीच बाजू मांडली.

मल्हारगंजकर
नाही, अजिबात नाही. सभासद पैसे आधी भरतात ते एका सभागृहात एकत्र बसून बघायला. आणि परवडत नाही हे कारण निदान मोठ्या प्लॅटफॉर्मनी सांगू नये. नोव्हेंबर २०२२ ला नेटफ्लिक्सने 'ग्लास अनियन' अमेरिकेत सुमारे ६०० थेटरांत लावला आणि चांगला चालत असताना आठवड्याने काढून घेतला. येणारा पैसा सोडला, कारण त्यांना माणूस घरीच बसलेला हवाय.

सुदामानगर
हक्क परत द्यायचं कलम मला मान्य, शंभर टक्के. थेटरची सक्ती नाही. रिकाम्या खुर्च्यांचे पैसे शेवटी कोणीतरी भरतोच, आणि तो लहान निर्माताच असतो.

पलासिया पूर्व
कलम घालणार कोण पण? ऑस्कर मिळवलेल्या दिग्दर्शक अल्फोन्सो क्वारोनच्या 'रोमा'ला २०१८ मध्ये नेटफ्लिक्सने आधी तीन आठवड्यांहून थोडं जास्त थेटर दिलं, काही ठिकाणी ७० एमएमवर सुद्धा, कारण तो क्वारोन होता. पहिला पिक्चर करणारा पोरगा सही करतो त्या दिवशी त्याचे पैसे संपलेले असतात, एडिटिंग स्टुडिओचं भाडं थकलेलं असतं, पुढे ठेवलेल्या कागदावर तो सही करतोच, मी बघितलंय. एकेकट्याने मागून हे मिळणार नाही. लेखकांना २०१२ ला मिळालं ते कायद्याने मिळालं, दिग्दर्शकांच्या संघटनेने तेच मागायला पाहिजे, आणि थेटरच्या आठवड्यांच्या आधी आकडे मागायला पाहिजेत.

मल्हारगंजकर
आकडे मागा, मी सोबत आहे. पण थेटर नंतर, हे मला मान्य नाही.