पांढऱ्या शाईचा थर कुणी ठरवायचा: डिझायनरने की मशीनवरच्या माणसाने?

काचदरवाजा:
मुद्दा थेट मांडतो. क्लिअर व्हिनाइलवर किंवा पारदर्शक फिल्मवर रंगाआडून आरपार दिसू नये म्हणून पांढऱ्या शाईचा थर द्यावा लागतो. असं थरांचं काम असेल, तर पांढऱ्याचा आकार फाईलमध्येच आला पाहिजे. रिपमध्ये (फाईल मशीनसाठी तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) बसून ऑटो व्हाइट, म्हणजे रंगाखाली आपोआप पांढरं टाकायची सोय, लावून मोकळं होणं बंद व्हायला हवं.

कारण सरळ आहे, रिपला पांढरं दिसतच नाही. जिथे शाई नाही ती जागा त्याच्या लेखी रिकामी. दुकानाच्या काचेसाठी लाल गोलात पांढरी अक्षरं असलेला लोगो द्या. ऑटो व्हाइट फक्त लालखाली पांढरं टाकतं आणि अक्षरांतून दुकानातली मांडणी, पंखा, मालक सगळं दिसतं. सावल्यांचंही तेच. सावलीचा काठ विरळ होत जातो, त्याच्याखाली भरगच्च पांढरं गेलं की सावली जाते आणि भोवती मळकट वलय उरतं. कुठे आरपार दिसायचं आणि कुठे नाही, हा डिझाइनचा निर्णय आहे. रात्री अकरा वाजता ऑपरेटरने घ्यायचा नव्हे.

करायचं तरी किती? कोरलमध्ये किंवा इलस्ट्रेटरमध्ये वेगळा स्पॉट रंग (स्वतःचं नाव असलेला स्वतंत्र रंग), त्याचं नाव तुमच्या रिपला कळतं तेच (रोलँडच्या व्हर्सावर्क्सला RDG_WHITE लागतं, अक्षरन् अक्षर तसंच), आणि त्यावर ओव्हरप्रिंट. ओव्हरप्रिंट द्यायचं राहिलं तर पांढऱ्याच्या जागेवरचा रंगच कापला जातो, तेवढं बघा.

रिपवाला_कोल्हापूर:
साहेब, कुठल्या गावात धंदा करता? तिकडे येतो. आमच्याकडे फाईल येते व्हॉट्सअॅपवर, जेपीईजी, चार जणांनी फॉरवर्ड केलेली. स्पॉट रंग राहू दे, अक्षरं कर्व्ह करून (फॉन्टऐवजी आकार करून) आली तरी आम्ही पेढे वाटू.

आणि थर मटेरियल बघून ठरतात, डिझाइन बघून नाही. काचेच्या आतून चिकटवायचं तर उलटं छापून आधी रंग, त्यावर पांढरा. काळ्या एसीपी पत्र्यावर आधी पांढरा, मग रंग. लाइट बॉक्सला रंग–पांढरा–रंग. काचेला दोन बाजूंनी दोन वेगळी चित्रं हवीत तर मध्ये काळा घालून पाच थर: रंग, पांढरा, काळा, पांढरा, रंग. गिऱ्हाईक ऐनवेळी म्हणतं, 'स्टिकर आतून लावणार आहे हो'. मग तुमच्या डिझायनरला फोन करायचा का?

काचदरवाजा:
क्रम फाईलमध्ये टाका असं मी म्हणालोच नाही. क्रम आणि आरसा (उलटं छापणं) दोन्ही रिपमध्येच. फाईलमध्ये फक्त पांढऱ्याचा आकार. क्रम बदलला तरी आकार तोच राहतो.

फ्लेक्सच_बरा:
मुळात इतके थर हवेत कशाला? बॅकलिट फ्लेक्स आधीच दुधाळ असतो. त्यावर रंग दाट मारा, मागे एलईडी लावा, संपलं. गिऱ्हाईक स्क्वेअर फुटाचा भाव विचारतं, थर मोजत नाही. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मराठी पाट्यांना दोन महिने दिले, नोव्हेंबरअखेरची ती घाई आठवा. तेव्हा कुणी 'मला तीन थरांची पाटी द्या' म्हणत आलं होतं का?

अनुस्वार:
फ्लेक्सच_बरा, दाट मारलेला तोच बोर्ड भर दुपारी बघा. काळपट दिसतो. दिवसा प्रकाश रंगातून आत जातो, पांढऱ्यावर आपटून पुन्हा रंगातूनच बाहेर येतो, म्हणजे रंग दोनदा लागतो. रात्री मागचा दिवा रंगातून एकदाच जातो, म्हणून साधी छपाई फिकी पडते. रात्रीसाठी दाट केली की दिवसा मेली. मध्ये पांढरा घातला की दिवसा पुढचा एकच रंग दिसतो आणि रात्री पुढचा-मागचा मिळून. तीन थर हौसेसाठी नाहीत. बाकी पाचशे रुपयांच्या वाढदिवसाच्या बॅनरला फ्लेक्सच बरा, त्यात वाद नाही.

मूळ प्रश्नावर: मी डिझाइन करते, तरीही काचदरवाजा यांच्याशी अर्धीच सहमत. पांढऱ्याचा आकार मी देईन, पण चोक मी द्यायचा नाही. चोक म्हणजे, वरच्या रंगाच्या काठाबाहेर पांढरा डोकावू नये म्हणून तो किंचित आत घेणं. किती आत, हे मशीनवर अवलंबून. ६०० डीपीआयला (इंचात ६०० ठिपके) २ पिक्सेल म्हणजे जेमतेम ०.०८ मिमी. फ्लॅटबेडला (सपाट टेबलाच्या मशीनला) तेवढं पुरतं, कारण शीट व्हॅक्यूमवर घट्ट बसलेली असते. रोल मशीनवर थर अर्धा मिमी सरकला तर तो चोक असून नसल्यासारखा. आणि मी भीतीपोटी अर्धा मिमी दिला, तर लहान अक्षरातल्या अनुस्वाराखालचा पांढरा गायब. देवनागरीत रफार, वेलांटीचं टोक, ऱ्हस्व उकार, सगळं बारीक. इंग्रजी ठोकळा अक्षरांवर बेतलेली सेटिंगं इथे चालत नाहीत.

रिपवाला_कोल्हापूर:
ताई, हेच सांगत होतो. चोक आमचा.

हीटर_६०:
थर सरकतो तो का, यावर कुणीच बोलेना. मशीन दुरुस्तीच्या कामावर असतो म्हणून लिहितो. रोल मशीनवर दोन पद्धती. एक, आधी सगळा रंग छापायचा, मटेरियल मागे घ्यायचं, मग पांढरा, पुन्हा मागे. इको-सॉल्व्हंट आणि लेटेक्स शायांमध्ये पहिल्याच थराला हीटर लागतो, फिल्म गरम होऊन आक्रसते, आणि दुसरा थर आक्रसलेल्या फिल्मवर मूळ मापात बसतो. दोन मीटर लांबीत ते डोळ्यांना दिसतं. दुसरी पद्धत, एकाच फेरीत. हेडचे नोझल तीन भागांत वाटून एक भाग रंग, मधला पांढरा, शेवटचा पुन्हा रंग टाकतो, मटेरियल फक्त पुढेच जातं. थर एकमेकांवर अचूक बसतात, पण प्रत्येक थराला हेडचा तिसराच हिस्सा मिळतो, त्यामुळे वेग तेवढाच उतरतो.

माझं मत: रोलवर रंग–पांढरा–रंग करायचं तर एकाच फेरीत करा, नाहीतर घेऊच नका. मागे घेऊन छापणं म्हणजे मटेरियलचा जुगार.

रिपवाला_कोल्हापूर:
हे नाही पटलं. वेग तिसऱ्यावर आणून गणपतीच्या आठवड्यात मशीन कसं चालवायचं? तुकडे लहान ठेवा, हीटरचं तापमान उतरवा, थरांमध्ये वाळायला वेळ द्या. ५० सेमीच्या दरवाजाच्या स्टिकरला मागे घेऊन छापलेलं चालतं. रोज देतो.

हीटर_६०:
लहान तुकड्याला चालेल. हीटर उतरवून तीन थरांची इको-सॉल्व्हंट शाई वाळवायला किती थांबता तेवढं सांगा. ओलं लॅमिनेट केलं की आठवड्यात कडा वर येतात, मग फोन आम्हाला.

फ्लेक्सच_बरा:
आणि पांढरी शाई कार्ट्रिजमध्ये तळाशी बसते ते? आठवड्यात एक काम आलं तर अर्धी शाई साफसफाईतच जाते.

हीटर_६०:
बसणारच. टायटॅनियम डायऑक्साइड पाण्याच्या सुमारे चौपट जड. म्हणून तर शाई फिरती ठेवणारी लाइन देतात आणि कार्ट्रिज हलवायला सांगतात. रोज छोटी चाचणी पट्टी काढायची तयारी नसेल तर पांढरा घेऊ नका, बाहेरून छापून आणा. यात मी तुमच्या बाजूचा.

काचदरवाजा:
चोक मशीनचा, मान्य. क्रम मशीनचा, तो आधीपासून मान्य. आकारावर मी हटत नाही. निदान स्वतःच्या डिझायनरकडून येणाऱ्या कामाला तरी ऑटो व्हाइट नको.

रिपवाला_कोल्हापूर:
स्वतःचा डिझायनर असेल तर काय, चहासुद्धा त्याच्याकडूनच मागवा. मी ऑटो व्हाइट लावतो, पांढरी अक्षरं हाताने भरतो आणि गिऱ्हाइकाला काळ्या कागदावर नमुना दाखवून सही घेतो. डिझायनरची पांढरी फाईल आली तरी नमुना काढल्याशिवाय मोठं काम सोडत नाही, सोडणारही नाही.

अनुस्वार:
नमुना काळ्या कागदावर घेता, तसा एकदा दिव्यासमोरही धरा. पांढऱ्यातली बारीक छिद्रं काळ्यावर कधीकधी लपतात, दिव्यासमोर लपत नाहीत.