पिल्लू घरी आल्यानंतरचे पहिले दोन महिने : सोलापूरकरांचे अनुभव

यंदा मार्गशीर्षात आमच्या जिन्याखाली गल्लीतली कुत्री व्याली आणि पाच पिल्ले झाली. पावसाळा सरताना जुळलेल्या जोड्यांची पिल्ले, साधारण ६३ दिवसांचा गाभणकाळ धरला तर, ऐन थंडीत जन्मतात. म्हणूनच संक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेला होम मैदानाकडे निघालेल्या माणसाला वाटेत एखादा तरी पिल्लांचा घोळका भेटतो, हे आयुष्यभर सोलापुरात राहून मला यंदा कळले. तीन पिल्ले गल्लीतल्या घरांनी नेली आणि दोन आमच्याकडे राहिली. त्यानंतर जी माहिती वाचली, ती बहुतेक थंड हवेच्या आणि अंगण असलेल्या बंगल्यांना लागू पडणारी होती. आपल्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येते, मे महिन्यात पारा ४३ अंशांच्या पुढे जातो आणि घरांच्या भिंती एकमेकींना टेकलेल्या असतात. अशा घरात पिल्लू आल्यावर काय घडले, हे प्रत्येकाने लिहावे अशी विनंती आहे. कौतुक थोडे कमी चालेल, पण चुका लपवू नयेत.

सुरुवात मीच करते. तिसऱ्या दिवशी कुत्री दिवसभर दिसेना, म्हणून मी घाबरून पिल्लांना वाटीने गाईचे दूध पाजले आणि रात्रीपर्यंत दोघांना जुलाब लागले. पशुवैद्यांनी मला दोन गोष्टी सांगितल्या. गाईच्या दुधातली साखर इतक्या लहान पिल्लांना पचत नाही, आणि पहिले दोन आठवडे त्यांना स्वतःच्या अंगाची ऊबही धरता येत नाही, त्यामुळे थंड पडलेल्या पिल्लाला आधी ऊब द्यायची आणि मगच दूध. इतकेच नव्हे, तर आईने चाटल्याशिवाय त्यांना लघवीसुद्धा होत नाही, म्हणून कोमट ओल्या कापसाने पोटाखाली हलके पुसावे लागते. ‘त्यांना शिवलीस तर स्वयंपाकघरात यायचे नाही’ असे बजावणाऱ्या माझ्या सासूबाईंनीच त्या रात्री स्वतःची शेकण्याची पिशवी गरम करून जिन्याखाली नेऊन ठेवली. त्याबद्दल त्या अजूनही काही बोलत नाहीत. कुत्री पहाटे परत आली.

पूर्व भागातून

आमच्या घराच्या मागच्या खोलीत चार यंत्रमाग आहेत आणि आमचे पिल्लू तिथेच, बाद निघालेल्या चादरींच्या गठ्ठ्यावर जन्मले. दहाव्या ते चौदाव्या दिवसात डोळे उघडतात आणि कान त्यानंतर काही दिवसांनी, त्यामुळे त्याने जगात ऐकलेला पहिला आवाज धोट्याचा असणार. त्याचा फायदा दिवाळीत दिसला, कारण फटाक्यांच्या माळेकडे त्याने मान वळवूनही पाहिले नाही. घरात आजी त्याला ‘कुक्कपिल्ला’ म्हणते, शेजारच्या कन्नड काकू ‘नायिमरी’ म्हणतात, मुले ‘यू-यू’ करतात आणि ते तिन्ही हाकांना सारख्याच वेगाने धावते.

मात्र लिहिण्याचे खरे कारण चादरीच्या दशा, म्हणजे कडेचे सुटे धागे, हे आहे. दात येऊ लागल्यावर, म्हणजे महिन्याभरात, ते चादरीची कड चघळू लागले आणि आम्हाला त्यात गंमत वाटली. एका सकाळी त्याने खाल्लेले उलटले, पोट आखडून ते कोपऱ्यात बसले, आणि शेपटीखाली लाल दोऱ्याचे वीतभर टोक लोंबताना दिसले. माझा धाकटा भाऊ ते ओढणारच होता. वडिलांनी त्याचा हात धरला, कारण मागावर अडकलेला धागा ओढला की काय होते हे त्यांना ठाऊक होते. पशुवैद्यांनीही तेच सांगितले, की आत ताणलेला दोरा आतडे कापू शकतो. तो ओढायचा नाही आणि बाहेर आलेले टोकही आपण कापायचे नाही, जनावर तसेच दवाखान्यात आणायचे. शस्त्रक्रिया झाली आणि पिल्लू वाचले. अंथरायला जुनी चादर जरूर वापरावी, पण दशा कापून कडा दुमडून शिवून घ्याव्यात. मागवाल्याच्या घरात हे आधी सुचायला हवे होते.

मंगळवेढ्याजवळच्या वस्तीवरून

आमच्याकडे पिल्लू आणण्याचा कारभार वेगळा असतो. शेजारच्या मेंढपाळाच्या कुत्रीची पिल्ले आम्ही सहा आठवडे नुसती बघायला जात होतो. जे पिल्लू ताटलीवर सगळ्यांत आधी येते ते घ्यायचे असे माझे मत होते, आणि जे उशिरा येते पण हुसकले तरी हलत नाही ते घ्यायचे असे सासऱ्यांचे. शेवटी दोन महिने पूर्ण झाल्यावर सासऱ्यांच्या पसंतीचे आणले. लवकर तोडलेले पिल्लू चावरे होते, कारण चावा किती जोरात घ्यायचा हे ते भावंडांशी भांडताना शिकते, असे त्या मेंढपाळाचे म्हणणे होते. त्याने पैसे घेतले नाहीत, पायलीभर मालदांडी ज्वारी घेतली.

दात शिवशिवू लागल्यावर चपलांची जी नासधूस होते ती आमच्याकडे कडक भाकरीने थांबली. वाळवलेल्या ज्वारीच्या भाकरीचा चतकोर पिल्लू दोन्ही पंजांत धरून तासभर कुरतडत बसते, आणि त्याचा आवाज पत्र्यावर गारा पडल्यासारखा येतो. मात्र नुसत्या भाकरीवर पिल्लू वाढत नाही. आमचे पहिले पिल्लू ताक-भाकरीवर वाढले आणि त्याचे पुढचे पाय वाकले. याला आता पशुवैद्यांनी सांगितल्याप्रमाणे भाकरीबरोबर उकडलेले अंडे आणि पिल्लांचे तयार खाद्य देतो.

जुळे सोलापूरमधून

मला हे थोडक्यात लिहायचे आहे. आम्ही एका विक्रेत्याकडून लॅब्राडोरचे पिल्लू घेतले. ‘लस झाली आहे’ असे त्याने सांगितले, पण लसीचे कार्ड दिले नाही आणि आम्हीही मागितले नाही. चौथ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या, मग रक्ताचे जुलाब आणि तो विशिष्ट वास, जो एकदा आला की विसरता येत नाही. पार्व्हो हा विषाणूचा आजार होता. तीन दिवस सलाइन लावले आणि ते गेले. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांदरम्यान देतात आणि त्यानंतर दर तीन-चार आठवड्यांनी, पिल्लू सोळा आठवड्यांचे होईपर्यंत पुन्हा द्यावी लागते; एका सुईने काम भागत नाही, हे मला नंतर कळले. हा विषाणू जमिनीत कित्येक महिने टिकतो. म्हणून आम्ही फरशी ब्लीचच्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुतली, त्याची भांडी आणि गादी टाकून दिली आणि वर्षभर दुसरे पिल्लू आणले नाही. माझी मुलगी त्याच्या पट्ट्याची घंटी अजून दप्तराला लावते.

बाळ्याहून

खंडोबाच्या गावात कुत्र्याला कोणी हाड म्हणत नाही असे आम्ही अभिमानाने सांगतो, पण अडचण त्यातूनच येते. चंपाषष्ठीला वांग्याचे भरीत, कांद्याची पात आणि रोडगा असा नैवेद्य होतो आणि त्यातला वाटा कुत्र्यापुढे ठेवण्याची रीत आहे. आमच्या तीन महिन्यांच्या पिल्लाला त्या दिवशी पाच घरचा वाटा मिळाला. दोन-तीन दिवसांत ते मलूल झाले, हिरड्या पांढुरक्या पडल्या आणि लघवी गडद होऊ लागली. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात, शिजवले तरी गुण बदलत नाही, असे पशुवैद्यांनी सांगितले. पिल्लू औषधोपचाराने सावरले. देवाचा मान मोडायचा नाही, म्हणून आता कोरडा रोडगा आधी बाजूला काढतो आणि पाचही घरी आठवण करून येतो. एका आजींनी ‘आमच्या वेळची कुत्री नाही मेली ती’ असे ऐकवले, त्यावर मी काही बोलले नाही.

रेल्वे लाइन्समधून

वर जे पाण्याबद्दल लिहिले आहे त्यात भर घालतो. शी-शूची सवय लावताना दिवसाला दोन बादल्या पाणी जात होते, आणि नळाचा दिवस पुढे गेला की घरात कडाक्याची भांडणे होत. आम्ही गच्चीच्या कोपऱ्यात एका जुन्या पत्र्याच्या ट्रेमध्ये वाळू भरली आणि झोपेतून उठल्यावर व खाल्ल्यावर लगेच त्याला तिथे नेऊ लागलो. तीन आठवड्यांत फरशी कोरडी राहू लागली. उन्हाळ्यात ओले गोणपाट माठाखाली अंथरले की पिल्लू दुपारभर तिथून हलत नाही. फिरवणे सकाळी सातच्या आत उरकावे. डांबरावर आपल्या हाताची पालथी बाजू पाच सेकंद टेकवता येत नसेल, तर त्याचे पंजेही भाजतात. गोचिडांसाठी मात्र घरगुती उपाय करू नयेत. रॉकेल लावल्याने आमच्या पिल्लाची कातडी सोलली गेली होती.

लष्कर भागातून

माझ्या सहा वर्षांच्या मुलाला खेळताना पिल्लाचा दात लागला आणि रक्ताचा एक ठिपका आला. ‘एवढेसे पिल्लू, त्याला कसला रोग’ असे चाळीतले सगळे म्हणाले. मी जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुतली (पाण्याचा दिवस नव्हता, शेजारच्या वहिनींनी कळशीने धार धरली) आणि रुग्णालयात गेले. पिल्लाला रेबीजची लस तीन महिन्यांच्या सुमारास देतात आणि आमचे दोनच महिन्यांचे होते, शिवाय त्याच्या आईचा पत्ता नव्हता, त्यामुळे डॉक्टरांनी मुलाची इंजेक्शने सुरू केली. ज्या दिवशी शेवटचे इंजेक्शन झाले, त्या दिवशी मुलाने स्वतःच्या दंडावरची चिकटपट्टी काढून पिल्लाच्या कानाला लावली.

पुन्हा जिन्याखालून

सर्वांचे अनुभव मी काल रात्री सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवले. चादरीच्या दशांपाशी त्या हळहळल्या, लॅब्राडोरपाशी त्यांनी डोळे टिपले, आणि बाळ्याचा अनुभव संपताच ‘लसूणसुद्धा का गं?’ असे त्यांनी दोनदा विचारले. नंतर त्या उठल्या, जिन्याखाली गेल्या आणि पदराआड काहीतरी घेऊन परत आल्या. ते होते कडक भाकरीचे दोन तुकडे, आणि दोन्हींवर शेंगा चटणी जाडसर माखलेली होती.