मदत हवी आहे: सदर अमीन, सबजज्ज, डिस्ट्रिक्ट जज्ज – बेळगावच्या जुन्या अपिलाची नक्कल कुठे मिळेल?

घटप्रभाकाठ
नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यातल्या एका जमिनीचे तीन कागद आहेत. १८६१ च्या मोडी कागदावर ‘सदर अमीन’, १८९४ च्या हुकूमनाम्यावर (डिक्रीवर) ‘फर्स्ट क्लास सबजज्ज, बेळगाव’ आणि १८९७ च्या अपिलावर ‘डिस्ट्रिक्ट जज्ज’. दाव्याची रक्कम ३,२०० रुपये. यात वरिष्ठ कोण? अपिलाच्या निकालाची नक्कल धारवाड खंडपीठात मिळेल का?

नक्कलनवीस
धारवाडला जाऊ नका. तिथलं कर्नाटक हायकोर्टाचं फिरतं खंडपीठ २००८ चं, कायम झालं २०१३ ला. तुमचं अपील बेळगावच्या जिल्हा न्यायालयातलं, म्हणून आधी तिथली रेकॉर्ड रूम.

आता पदांचं. मोडीचं लिप्यंतर करताना ‘अमीन’ दिसला की लोक त्याला वसुलीचा अंमलदार समजतात. सदर अमीन हा न्यायाधीशच. कंपनीच्या काळात उतरंड अशी होती: मुनसफ, त्यावर सदर अमीन, मग प्रधान सदर अमीन, मग जिल्ह्याचा जज्ज आणि शेवटी मुंबईची सदर दिवाणी अदालत. १४ ऑगस्ट १८६२ ला मुंबई हायकोर्ट सुरू झालं आणि सदर अदालत संपली. खालच्या पदांची नावं मात्र १८६९ च्या मुंबई दिवाणी न्यायालय कायद्यापर्यंत चालली. त्यानंतर अमीन आणि मुनसफ जाऊन पहिल्या व दुसऱ्या वर्गाचे सबजज्ज आले. म्हणजे तुमच्या पहिल्या दोन कागदांत माणसंही वेगळी आणि पदंही.

नावापेक्षा रक्कम महत्त्वाची. दुसऱ्या वर्गाच्या सबजज्जाला ५,००० रुपयांपर्यंतचेच दावे चालवता येत. पहिल्या वर्गाच्याला रकमेची मर्यादा नव्हती, आणि आपल्या हद्दीतले लहान दावेही त्याच्याकडे येत. ५,००० पर्यंतच्या दाव्याचं अपील जिल्हा जज्जाकडे, त्यावरच्या रकमेचं थेट मुंबईला. दावा ५,२०० चा असता तर बेळगावात कितीही शोधलं तरी अपील सापडलं नसतं.

घटप्रभाकाठ
हुकूमनाम्यावर दोन नंबर आहेत, एक शाईने, एक समासात. कोणता द्यायचा?

नक्कलनवीस
समासातला बहुधा दरखास्तीचा. दरखास्त म्हणजे हुकूमनाम्याची बजावणी. तिचं रजिस्टर वेगळं, नंबर वेगळा आणि वर्षही बऱ्याचदा पुढचं. अर्ज परत येण्याचं नेहमीचं कारण हेच. अर्जात कोर्टाचं नाव, दाव्याचा नंबर व वर्ष, अपिलाचा नंबर, दोन्ही बाजूंच्या पहिल्या पक्षकारांची नावं आणि निकालाची तारीख लिहा. तुम्ही पक्षकाराचे वारस असाल तर तसा कागद जोडा. नसाल तर नक्कल कशासाठी हवी ते लिहा. पुरावे आणि जबान्या मिळतील अशी आशा धरू नका. १९१७ च्या अभिलेख नाश कायद्याखाली जुन्या फायलींची छाटणी होत आली आहे, टिकतो तो मुख्यतः निकाल आणि हुकूमनामा.

मोडीप्रेमी
जिल्हा जज्जाच्या निकालावर मुंबईला सेकंड अपील झालं असेल तर छापील रिपोर्ट चाळा. इंडियन लॉ रिपोर्ट्सची मुंबई मालिका १८७६ पासूनची आहे, बॉम्बे लॉ रिपोर्टर १८९९ पासूनचा. कोणत्या जज्जाच्या निकालाविरुद्ध अपील आहे ते तिथे सुरुवातीलाच असतं. त्या साली बेळगावला जज्ज कोण होता ते फुकटात कळतं!

कागदावर फसली सन (महसुली वर्ष) असेल तर इंग्रजी सालासाठी त्यात ५९० मिळवा. जानेवारी ते मेमधली तारीख असेल तर ५९१. फसली १३०३ म्हणजे १८९३-९४. शके असेल तर ७८.

तिळारी
कुठला दावा कुठल्या कोर्टात, या वरच्या हिशेबात सीमाभागाचे अपवाद घाला. शहापूर आज बेळगाव शहरातच आहे, पण १९४८ पर्यंत ते सांगली संस्थानात होतं. तिथल्या घराचा त्याआधीचा दावा संस्थानच्या न्यायाधीशापुढे, बेळगावच्या जज्जाकडे नव्हे. रामदुर्गचंही तसंच, ते स्वतःच वेगळं संस्थान होतं. चंदगडचं उलटं: १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात, आता कोल्हापुरात. त्यामुळे चंदगडवाल्यांनी दोन्हीकडे विचारावं. आणि १८३६ च्या आधीचं काही असेल तर धारवाड, कारण बेळगाव जिल्हाच तेव्हा वेगळा झाला.

पाटीलकी-कुलकर्णीच्या वतनाचा वाद असेल तर दिवाणी कोर्टात वेळ घालवू नका. १८७४ च्या वतन कायद्याने ते कलेक्टरकडे, म्हणून महसुली दप्तर बघा.

घटप्रभाकाठ
वतन नाही, साधी गहाणाची जमीन आहे. १९५५ चं एक अपीलही आहे, मुंबई हायकोर्टातलं. तेही मुंबईतच का?

नक्कलनवीस
१ नोव्हेंबर १९५६ च्या आधी निकाल लागला असेल तर मुंबई. प्रलंबित असेल तर राज्य पुनर्रचना कायद्याखाली ते म्हैसूर हायकोर्टाकडे, म्हणजे बंगळूरला गेलं असेल, आणि तिथे त्याला नवा नंबर पडलेला असू शकतो. शेवटच्या पानावरची निकालाची तारीख बघा. तारीखच नसेल तर तो निकाल नसून अपिलाच्या अर्जाची प्रत असेल.