ओएसचा पहिला तास: फळ्यावर व्याख्या की थेट टर्मिनल?

पाचवा_बाक: तिसऱ्या वर्षाला ऑपरेटिंग सिस्टिम शिकवतो. दरवर्षी पहिल्या तासाला 'वापरकर्ता आणि हार्डवेअर यांच्यातला दुवा' ही व्याख्या. पोरं उतरवून घेतात, मागच्या बाकांवर पेंग सुरू. यंदा व्याख्या गुंडाळून ठेवली. प्रोजेक्टरवर सीचा छोटासा प्रोग्राम लावला: लागोपाठ ३ वेळा फोर्क (चालू प्रोग्रामची, म्हणजे प्रोसेसची, आणखी एक प्रत सुरू करणं), मग 'नमस्कार' छापा. किती वेळा छापेल? कुणी ३ म्हणालं, कुणी ४. चालवला, तर ८! वर नमस्कारांच्या मधेच टर्मिनलचा प्रॉम्प्ट (पुढची कमांड टाइप करा सांगणारी खूण) घुसलेला. तो तिथे कसा आला, यावरच उरलेला तास गेला. विषयाची सुरुवात अशीच व्हावी आणि पुढे एमआयटीची एक्सव्ही६ ही शिकवण्यासाठीची छोटी ओएस पोरांच्या हातात द्यावी. १९७५ च्या सहाव्या आवृत्तीच्या युनिक्सवर बेतलेली आहे, दहा हजार ओळींच्या आत.

खडू_फळा: सर, गंमत म्हणून ठीक. पण कागद-पेन्सिलीला नावं ठेवू नका. प्रोग्रामला लागणाऱ्या मेमरीच्या पानांचा क्रम घ्या: १ २ ३ ४ १ २ ५ १ २ ३ ४ ५. फिफोने (आधी आलेलं पान आधी बाहेर) ३ फ्रेममध्ये (फ्रेम म्हणजे मेमरीतली एका पानाची जागा) ९ पेज फॉल्ट (हवं ते पान मेमरीत नसणं), ४ फ्रेममध्ये १०. मेमरी वाढवली तर फॉल्टही वाढले! बेलाडीची ही विसंगती स्वतःच्या हाताने रकाने भरल्याशिवाय गळी उतरत नाही. माझ्या वर्गात दरवर्षी निम्मे जण आधी माझंच चुकलं म्हणून भांडतात.

पाचवा_बाक: रकाने मीही भरून घेतो, मॅडम, पण दोन महिन्यांनी. पहिल्या दिवशी फ्रेम कशाशी खातात हेच ठाऊक नसतं.

गाडी_वेळेवर: मी एम्बेडेडवाला, म्हणजे यंत्रांच्या आत बसवलेल्या कॉम्प्युटरवर काम करणारा. मी तर पाथफाइंडरपासून सुरुवात करीन. १९९७, यान मंगळावर, आणि कॉम्प्युटर सारखा रीसेट. खालच्या प्रायॉरिटीच्या टास्कने म्युटेक्स (एका वेळी एकालाच मिळणारं कुलूप) धरलेला, मधले टास्क त्याला सीपीयू मिळू देईनात, वरचा बसला ताटकळत. इथून पृथ्वीवरून प्रायॉरिटी इनहेरिटन्स (कुलूप धरणाऱ्याला ताटकळणाऱ्याची प्रायॉरिटी तात्पुरती देणं) चालू केलं, तेव्हा सुटलं. हे ऐकल्यावर कोण पेंगेल?

खडू_फळा: ऐकताना कुणी पेंगत नाही हो. दुसऱ्या दिवशी म्युटेक्स म्हणजे काय विचारा, सगळे छताकडे बघतात.

सबमिशन_उद्या: विद्यार्थ्याची बाजू पण ऐका. एक्सव्ही६ भारी आहे, पण आमच्या लॅबमध्ये २० पीसी, त्यातले ६ बंद. टूलचेन (कोड कंपाइल करायची साधनं) बसेपर्यंत प्रॅक्टिकल संपलं. आणि फोर्क दाखवल्यावर आमच्यातल्या एका महाभागाने ते अनंत लूपमध्ये टाकलं. पीसी गार, माऊससुद्धा हलेना. लॅब असिस्टंट काकांनी पूर्ण बॅचला बाहेर काढलं.

गाडी_वेळेवर: 😂 युलिमिट लावला नव्हता वाटतं? युलिमिट -यू देऊन प्रोसेसची मर्यादा घाला, मग काय हवा तो लूप लिहू दे.

पाचवा_बाक: बरं झालं बोललात. बुधवारी माझंही पहिलं प्रॅक्टिकल आहे, हे डोक्यातच नव्हतं. सकाळी लवकर जाऊन सगळ्या मशीनवर लावून ठेवतो.