मुलांची फी आणि टॅक्सचा रिफंड: अनुभव लिहा

कृष्णाकाठ
'मुलांची फी दाखवा, रिफंड मिळवा' असा मेसेज परत फिरायला लागलाय. पूर्वी फॉर्म 16 (कंपनीनं दिलेला पगार-टॅक्सचा दाखला) आला की घरोघरी पावत्यांची पिशवी निघायची, ते आठवलं. सातारा-सांगलीकरांनो, 2025-26 या आर्थिक वर्षाच्या रिटर्नसाठी काय चालतं, काय अडतं ते लिहा. 80C मध्ये, म्हणजे उत्पन्नातून वजावट देणाऱ्या कलमात, फक्त ट्यूशन फी बसते. बस, डेव्हलपमेंट फी, देणगी, हॉस्टेल, खासगी क्लास यातलं काहीही नाही. शिक्षण पूर्णवेळ आणि संस्था भारतातली हवी. मर्यादा 1.5 लाख, त्यातच पीएफ आणि एलआयसी.

हळदगल्ली
पावतीवर 'एकूण शुल्क' एवढंच असतं. ऑफिसातून फोड करून घ्या, सहीशिक्क्यासह. तारीख पैसे भरल्याची धरतात. मागच्या वर्षाची थकलेली फी एप्रिलमध्ये भरली तर ती पुढच्या आर्थिक वर्षात.

माणदेशी
तीन पोरं असली तर?

हळदगल्ली
एकाला दोनच मुलांची मिळते. नवरा-बायको दोघं टॅक्स भरत असतील तर दोघांना दोन-दोन. फक्त एकच रक्कम दोघांनी दाखवायची नाही, ज्यानं भरली त्यानं.

वाईकर
महाडीबीटीतून (सरकारी शिष्यवृत्तीचं पोर्टल) निम्मी फी माफ झालेली असेल तर खिशातून गेलेली निम्मीच धरा. आरटीईतून (शिक्षण हक्क कायदा) मोफत प्रवेश असेल तर विषयच संपला.

आकडेमोड
अहो, पावत्या शोधण्याआधी करप्रणाली बघा! 80C फक्त जुन्या पद्धतीत आहे. नव्या पद्धतीत 12.75 लाखांपर्यंतच्या पगाराला टॅक्सच शून्य. कंपनीनं टीडीएस (पगारातून आधीच टॅक्स) कापला असला तरी रिटर्नमध्ये नवी पद्धत निवडा, सगळा परत येतो, फीची एक पावती न लावता.
15 लाख पगार धरा. नव्यात टॅक्स 97,500. जुन्यात 80C काठोकाठ भरूनही 2,10,600. म्हणजे नुसत्या फीवर रिफंड येतो हा भ्रम आहे.

माणदेशी
मग जुनी कुणाला परवडते राव?

आकडेमोड
शैक्षणिक कर्जवाल्यांना. शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची वजावट देणाऱ्या 80E कलमाला वरची मर्यादा नाही, तेही जुन्या पद्धतीतच. त्याच 15 लाखांत, पूर्ण 80C आणि पगारदारांची 50 हजारांची प्रमाणित वजावट धरून, शैक्षणिक कर्जाचं व्याज 4 लाख आणि घरकर्जाचं 2 लाख भरलेलं असेल तर करपात्र उरतात 7 लाख, टॅक्स 54,600. इथं मात्र जुनी जिंकते.

कराडची_ताई
80E मध्ये व्याजच, मुद्दल नाही. बँकेकडून दोन्ही वेगळे दाखवणारा दाखला घ्या. कर्ज उच्च शिक्षणासाठीच काढलेलं हवं, सोनेतारण काढून फी भरली तर नाही. आणि आपल्याकडची जुनी सवय, पतसंस्थेचं कर्ज, तेही नाही!
80E ची वजावट आठच वर्षं, ती मोजतात व्याज भरायला सुरुवात केल्याच्या वर्षापासून. मुलगा शिकत असताना थोडं थोडं व्याज भरलंत तर घड्याळ तेव्हाच सुरू होतं. हे कुणी सांगत नाही.

वाईकर
ताई, मुलगा परदेशात शिकत असेल तर?

कराडची_ताई
80E चालतं, 80C नाही.

भडंगप्रेमी
विषयांतर माफ करा, विश्रामबागेत फॉर्म 16 ची चांगली प्रिंट कुठे मिळेल? मोबाईलवर अक्षर दिसेना.

आकडेमोड
प्रिंट कशाला, ट्रेसेसची (टीडीएसचं सरकारी पोर्टल) पीडीएफ पासवर्ड टाकून उघडा आणि मोठी करून बघा की.

हळदगल्ली
पगारदारांना जुनी पद्धत हवी असेल तर रिटर्न मुदतीत भरा. उशिराच्या रिटर्नला फक्त नवी मिळते, मग व्याजाचा दाखला फ्रेम करून लावा.
80E मध्ये आता बँकेचं नाव, कर्ज खाते क्रमांक, कर्जाची तारीख, रक्कम, शिल्लक हे सगळं भरावं लागतं. 'टक्क्यावर रिफंड काढून देतो' म्हणणारे एजंट इथंच खोटे आकडे टाकतात. पकडलं तर दंड बुडवलेल्या टॅक्सच्या 200 टक्के, आणि तो तुम्ही भरायचा, एजंट नाही.

कृष्णाकाठ
रिफंड अडतो त्यात निम्मे बँकेचे घोळ. इन्कम टॅक्स पोर्टलवर खातं व्हॅलिडेट हवं, पॅन आणि पासबुकावरचं नाव जुळायला हवं. बँकांच्या विलीनीकरणानंतर आयएफएससी बदलला असेल तर तोही बघा. ई-व्हेरिफाय 30 दिवसांत.

माणदेशी
आणि पगारातला तो मुलांचा शिक्षण भत्ता?

आकडेमोड
मुलामागे महिना 100 रुपये माफ, दोन मुलांपर्यंत, तोही जुन्या पद्धतीतच.

भडंगप्रेमी
शंभरात पोरांच्या वह्यापण येत नाहीत ओ. बरं, पासवर्ड काय टाकायचा?