फिफो हँग झालेला नाही, वाट बघतोय
वर कुणीतरी म्हटलंय की एमकेफिफो कमांडने फिफो (एका प्रोग्रामचा मजकूर दुसऱ्याकडे नेणारा, फाइलसारखं नाव असलेला पाइप) करून त्यात इको केलं की टर्मिनल हँग होतं, म्हणजे पाइप नीट बनलाच नाही, आणि फिफो बनवायला रूट (अ‍ॅडमिनचे अधिकार) लागतं. तसं नाहीये हो, पाइप बरोबर बनलाय. दुसरीकडून कुणी तो वाचायला उघडेपर्यंत लिहिणारा थांबूनच राहतो, शेजारच्या टर्मिनलवर त्याच फिफोवर कॅट मारा, लगेच सुटेल. आणि रूट लागतं ते एमकेनॉड कमांडने कॅरेक्टर किंवा ब्लॉक डिव्हाइस (टर्मिनल, डिस्क अशांसाठीच्या खास फाइली) बनवायला, फिफोला नाही.

पण एकाच फिफोत चार-पाच प्रोग्राम लिहीत असतील तर काय, हे इथे कुणीच लिहिलं नाहीये आणि खरा घोळ तिथेच होतो. हिंजवडीला आमच्या टीममध्ये सगळ्या सर्व्हिसचे लॉग एका फिफोतून एकाच रीडरकडे जायचे, छोट्या ओळी एकदम व्यवस्थित, पण जावाचा लांबलचक स्टॅक ट्रेस (एरर कुठून कुठून आली त्याची यादी) आला की त्याच्या मधेच दुसऱ्याच सर्व्हिसची ओळ घुसलेली, शब्द अर्धा तोडून. कारण लिनक्सवर एका राइटमध्ये ४०९६ बाइटपर्यंतचाच मजकूर अखंड जाण्याची हमी असते, त्याच्यावर गेलात की कर्नल (सिस्टिमचा गाभा) तुकडे करू शकतो आणि मधे दुसरा घुसू शकतो. पॉझिक्स (युनिक्ससारख्या सिस्टिमसाठीचं मानक) तर फक्त ५१२ बाइटचीच हमी मागतं, त्यामुळे स्क्रिप्ट दुसऱ्या युनिक्सवर न्यायची असेल तर तोच आकडा धरून चाला. पाइपचा ६४ केबी बफर (न वाचलेला मजकूर साठवायची जागा) ही वेगळी गोष्ट आहे, तो वाढवून हे अजिबात सुटत नाही, प्रत्येक प्रोग्रामला स्वतःचा फिफो द्या. आमच्याकडे तेवढ्यानेच ओळी सरळ यायला लागल्या.